एकतीस तक्ते आणि चौऱ्याण्णव सेंटीमीटरची निवटी

गुरुवार, १९ जून, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. ही वेळ स्मरणातली नाही, माझ्या नोंदवहीतली आहे. त्या मिनिटाला नंदिनी तांडेल यांचा फोन आला आणि नमस्कार-चमत्कार न करता त्या म्हणाल्या, "मृणाल, आमची निवटी चौऱ्याण्णव सेंटीमीटरची झाली आहे."

निवटी हा खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा. तो वितीएवढाही भरत नाही. तांडेल मॅडम कल्याणच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतात आणि ठाणे खाडीतल्या माशांच्या वाढीवर त्यांनी सहा वर्षे संशोधन केले होते. त्या प्रबंधातले तक्ते मी नऊ दिवसांपूर्वीच "निर्दोष" असा शेरा मारून परत केले होते. प्रबंध सादर करण्याची अंतिम वेळ होती शुक्रवारी दुपारी चार. नोंदणीला दोनदा मुदतवाढ मिळून चुकली होती आणि तिसरी मिळत नाही. शुक्रवारी चारनंतर ती सहा वर्षे कागदोपत्री झालीच नाहीत, असे धरले जाणार होते.

या अठ्ठावीस तासांत काय घडले ते सांगण्याआधी मी काय काम करते हे सांगायला हवे, कारण ते कुणालाच एका वाक्यात कळत नाही. लोक विचारतात, "म्हणजे टायपिंग का?" टायपिंग नव्हे. मी प्रबंधांतले तक्ते पानात बसवते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या मुलीने हे काय आरंभले आहे, असे माझ्या आत्याने माझ्यादेखत आईला विचारले होते. आई म्हणाली, "तिच्याकडे लोक पीएच.डी. घेऊन येतात, आणि ही त्यांना परत पाठवते." त्यानंतर आत्याने विषय काढला नाही.

विज्ञान-अभियांत्रिकीतले बरेच प्रबंध लाटेक नावाच्या प्रणालीत लिहिले जातात. तिच्यात पान डोळ्यांसमोर घडत नाही. आपण मजकूर लिहायचा आणि त्यासोबत सूचना लिहायच्या: हे प्रकरणाचे नाव, हे समीकरण, हा तक्ता. प्रणाली ते सगळे वाचते आणि पाने जुळवून देते. समास किती, अक्षर केवढे, ओळींत अंतर किती हे आधीच ठरवून ठेवलेल्या साच्याला टेम्प्लेट म्हणतात. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रबंधांत डावीकडे बांधणीसाठी चाळीस मिलिमीटर आणि उजवीकडे पंचवीस मिलिमीटर सोडावे लागतात. मजकुराला उरतात एकशे पंचेचाळीस मिलिमीटर. आमच्या मापात ते चारशे बारा पॉइंट. एक पॉइंट म्हणजे मिलिमीटरचा साधारण तिसरा हिस्सा.

परिच्छेद समजूतदार असतो. समास जवळ आला की तो शब्द तोडतो, खालच्या ओळीवर जातो, जागा मागत नाही. तक्त्याला असली समज नसते. प्रत्येक रकाना आपल्या पोटातल्या सर्वांत लांब नोंदीएवढा रुंद होतो आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा पॉइंटांची मोकळी पट्टी ठेवतो. दहा रकाने असतील तर निव्वळ मोकळ्या पट्ट्यांतच एकशे वीस पॉइंट जातात. सगळ्यांची बेरीज चारशे बाराच्या वर गेली की तक्ता उजव्या समासात घुसतो, कधी कागदाच्याही बाहेर जातो. प्रणाली काम थांबवत नाही. ती फक्त लॉग नावाच्या आपल्या रोजनिशीत एक ओळ लिहून ठेवते: अमुक ठिकाणी इतके पॉइंट जास्त. विद्यार्थी ती रोजनिशी उघडत नाहीत. माझे काम तिथून सुरू होते.

डोंबिवली पूर्वेला, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर माझी खोली आहे. कीबोर्डवर पिठाचा हलका थर बसतो, दळणाला आलेल्या बायका जिन्यातून डोकावून "अजून शिकतेच आहेस का गं?" असे विचारून जातात. या खोलीतून सात वर्षांत अठ्ठ्याहत्तर प्रबंध गेले. प्रत्येकासाठी वहीत दोन आकडे लिहायची माझी शिस्त आहे: काम आले तेव्हा सर्वांत मोठा तक्ता किती पॉइंट बाहेर होता, आणि काम गेले तेव्हा किती. दुसरा आकडा नेहमी शून्य असे. त्या शून्यांच्या रांगेचा मला अभिमान होता, आणि तो मी लपवत नसे.

पहिल्या रकान्यातला उच्चांक विठ्ठलवाडीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या नावावर आहे. सदुसष्टाव्या वर्षी ते उल्हास नदीकाठच्या शाळांतल्या विज्ञानशिक्षणावर प्रबंध लिहीत होते. 'शेरा' या रकान्यात त्यांनी प्रत्येक शाळेबद्दल अख्खा परिच्छेद लिहिला होता, आणि रकान्याला रुंदी ठरवून दिली नसल्यामुळे प्रत्येक परिच्छेद एकाच ओळीत धावत सुटला होता. तक्ता तीन हजार पॉइंटांनी बाहेर होता. मी त्यांना सांगितले, "सर, हा तक्ता समासापासून पुढे एक मीटर जातो."

"मग कागद रुंद घ्या," ते शांतपणे म्हणाले.

रकान्याला रुंदी बांधून दिली की आतला मजकूर ओळी मोडून बसतो. ते काम दहा मिनिटांचे होते. पण शेरे लांबलचक आहेत हे सरांना पटवण्यात तीन आठवडे गेले. रोज सकाळी सातला त्यांचा फोन येई. "आज ताप किती?" तीन हजार, एक हजार, दोनशे. ज्या दिवशी मी शून्य म्हणाले त्या दिवशी ते जरा हिरमुसल्यासारखे वाटले.

आंबिवलीचे एक स्थापत्य अभियंते याच्या उलट होते. त्यांच्या तक्त्यांत शेरे नव्हते, आकडेच होते. पण चारशे चौकटींतल्या प्रत्येक आकड्यामागे त्यांनी त्याचे एकक लिहिले होते. एकक एकदाच, मथळ्यात लिहा, रकाना निम्मा होईल, असे मी सुचवले. ते म्हणाले, "मॅडम, एकक नसलेला आकडा म्हणजे आडनाव नसलेला माणूस. कुठेही हरवतो."

"घराच्या दारावर पाटी असली की आतल्या प्रत्येकाने गळ्यात पाटी अडकवायची गरज नसते," मी म्हटले. ते हसले, पण पहिला तक्ता छापून हातात पडेपर्यंत त्यांनी मान्य केले नाही.

अशा गोष्टी सांगताना मी नकळत ऐटीत येते. ती ऐट ज्या ठिकाणी उतरली तिकडे आता वळते.

या धंद्यात एक रीत आहे जिची कुठेच नोंद नाही. टेम्प्लेट कुणी नव्याने बनवत नाही. ते वारशाने येते. प्रयोगशाळेतला ज्येष्ठ विद्यार्थी प्रबंध सादर करून जाताना आपली फाइल धाकट्याला देतो. धाकटा त्यातला मजकूर पुसून आपला भरतो, दोन अडचणी आल्या की दोन ठिगळे लावतो, आणि पुढच्याच्या हाती सोपवतो. पाच-सहा पिढ्यांनंतर त्या साच्यात कुणाचे काय आहे हे कुणीच सांगू शकत नाही. ऋणनिर्देशात आपल्या पत्नीचे आभार मानणारा एक अविवाहित संशोधक माझ्या पाहण्यात आहे. ती पत्नी तीन पिढ्यांपूर्वीच्या कुणाची तरी होती. त्याच्या आईने पान वाचले तेव्हा घरात जे झाले ते त्याने मला तपशीलवार सांगितले आहे. इथे लिहीत नाही.

तांडेल मॅडमचे टेम्प्लेटही असेच आले होते, रसायनशास्त्रातल्या एका सहकाऱ्याकडून. एकतीस तक्ते होते. मी फाइल चालवली आणि लॉग उघडला. एकही तक्ता बाहेर नव्हता. वहीच्या पहिल्या रकान्यात आयुष्यात प्रथमच शून्य लिहिताना मी मनात या बाईंचे कौतुक केले. पडद्यावर दीडपट मोठे करून पाने पाहिली. सगळे स्वच्छ होते. मथळे सारखे केले, रेघा कमी केल्या. एकच सूचना केली: माशांच्या इंग्रजी आणि शास्त्रीय नावांखेरीज देवनागरीत स्थानिक नावांचाही एक रकाना होता, तो काढावा.

"परीक्षकांना तो लागणार नाही," मी म्हणाले.

"बाबांना लागेल," त्या म्हणाल्या. "ते मासे त्यांनी धरून दिलेत. त्यांना या पुस्तकात वाचता येण्यासारखं एवढंच आहे."

रकाना राहिला. मी कागदावर काहीही छापून पाहिले नाही. कागद हा छपाईवाल्याचा प्रांत, माझा लॉगचा, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती.

कल्याणच्या दुकानात एक मूळ प्रत छापली गेली आणि बाकीच्या प्रती रीतीप्रमाणे तिच्यावरून झेरॉक्स काढल्या गेल्या. बांधणीला देण्याआधी मॅडमनी एक जादा प्रत वडिलांसाठी घरी नेली. दामूबाबा चौथी शिकलेले, पण काट्यावरचे आकडे वाचण्यात जन्म गेलेला. चष्मा लावून ते आपल्या ओळखीच्या नावांवरून बोट फिरवत बसले, आणि निवटीच्या ओळीवर थांबले. नऊ पूर्णांक चार सेंटीमीटर लांबीच्या माशाच्या नावापुढे छापले होते चौऱ्याण्णव. मूळ प्रतीत टिंब होते, सुईच्या टोकाएवढे. झेरॉक्समध्ये ते उडाले होते. प्रत्येक पानावर कुठे ना कुठे उडाले होते.

दुपारी एकला बापलेक माझ्या खोलीत आले. बाबांच्या खाडीकाठच्या बोलीत शब्दामधल्या 'ड' आणि 'ढ' यांचा 'र' होतो, 'ळ'चा 'ल'. दोन वाक्यांत माझ्या कानाला सवय झाली. जिना चढून ते खुर्चीत टेकले, माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाले, "तूच का गो ती? निवटी वारवनारी?"

"हो बाबा, मीच."

"पन्नास वरसां निवट्या पकरल्या. येवरी मिलाली असती तं मी होरी इकून घरान बसलो असतो."

मॅडमना हसू येत नव्हते. त्यांनी प्रत माझ्यापुढे ठेवली. मी पट्टीने अंकांची उंची मोजली: एक पूर्णांक दोन मिलिमीटर. साधारण निम्म्यावर आली होती. आपोआप आक्रसल्याशिवाय हे होणे शक्य नव्हते. मी टेम्प्लेटची फाइल उघडली आणि जे काम नऊ दिवसांपूर्वी करायला हवे होते ते केले: ती पहिल्या ओळीपासून वाचली. दोनशे चाळिसाव्या ओळीच्या आसपास ठिगळ सापडले. कुणा पूर्वजाने सूचना लिहून ठेवली होती की पानाहून रुंद असलेला कोणताही तक्ता मावेपर्यंत गुपचूप बारीक करावा. शेजारी रोमन लिपीत मराठीत खुलासा होता: सर ओरडतात म्हणून.

तक्ते मावत होते म्हणून लॉग गप्प होता. माझे शून्य खरे होते आणि निरुपयोगी होते. मी ती ओळ पुसली आणि फाइल पुन्हा चालवली. लॉगमध्ये एकतीस ओळी उमटल्या. सर्वांत मोठा तक्ता सतरावा, तीनशे अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चार पॉइंटांनी बाहेर. म्हणजे तेरा सेंटीमीटरहून अधिक.

"हे सगळं आधीपासूनच असं होतं?" मॅडमनी विचारले.

"हो. झाकलेलं होतं. आणि ते उघडून पाहणं माझं काम होतं, ते मी केलं नाही."

त्या म्हणाल्या, "ओरडायचं मी शनिवारी बघते. आता काय करायचं ते सांग."

घबराटीला माझ्याकडे एकच उपाय आहे, वर्गीकरण. एकतीस तक्ते आम्ही जमिनीवर मांडले. एकोणीस असे होते की एकके मथळ्यात नेऊन आणि मोकळ्या पट्ट्या आखडून ते बसतील. आठांना रकान्यांच्या रुंदी बांधून द्यायच्या होत्या. तीन आडवे वळवायचे होते. सतरावा कशातच बसत नव्हता. त्यात प्रत्येक माशाची पावसाळ्याआधीची आणि नंतरची मोजमापे शेजारी-शेजारी होती, आणि संपूर्ण प्रबंधाचा निष्कर्ष त्याच तक्त्यावर उभा होता.

"यातलं काय काय लागतं?" मी विचारले. सात वर्षांत हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता. मी रुंदी विचारत असे.

मॅडम जमिनीवर बसल्या आणि त्यांनी मला तो तक्ता शिकवला. पावसाचे गोडे पाणी खाडीत उतरते तेव्हा कोणते मासे तग धरतात, कोणते काठाशी सरकतात, कुणाची वाढ खुंटते. ओळ उजवीकडे वाचायची नव्हतीच. पावसाळ्याआधीचा आकडा आणि नंतरचा आकडा ताडून पाहायचा होता. म्हणजे तक्ता दोन मजली करता येत होता: वर पावसाळ्याआधीचे, खाली नंतरचे, रकाने तेच. तसे केल्यावर बाहेर राहिलेले त्र्याऐंशी पॉइंट मी एककांतून आणि पट्ट्यांतून मिळवले, आणि वर आठ पॉइंट शिल्लक पडले. मजेची गोष्ट अशी की तक्ता आधीपेक्षा सोपा झाला. मॅडम त्याकडे पाहून म्हणाल्या, "हा असा मी चार वर्षांपूर्वीच मांडला असता तर गाइडना समजवायला एवढा त्रास झाला नसता."

प्रत्येक तक्ता झाला की मी तो छापत होते, गिरणीशेजारच्या दुकानात त्याची झेरॉक्स, आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढून आणत होते. ती तिसऱ्या पिढीची प्रत दामूबाबांच्या हाती द्यायची. ते मोठ्याने वाचत. "नऊ टिंब चार. एकवीस टिंब सहा." टिंब दिसले नाही तर पान परत. माझ्याकडे यापूर्वी इतका कडक तपासनीस आला नव्हता. दळण घ्यायला आलेल्या एका बाईंनी जिन्यातून विचारले, "आजोबा पण शिकायला आले का?"

"मास्तर हाय मी," बाबा म्हणाले.

संध्याकाळी आठला सत्तावीस तक्ते झाले होते. मी संगणक बंद केला. मॅडमना ते पटले नाही. अजून दोन तास बसू म्हणाल्या. मी नकार दिला. थकलेल्या डोळ्यांनी रकाना हलवला की आकडा शेजारच्या माशाच्या नावावर जातो, आणि ती चूक लॉगमध्ये येत नाही. सकाळी सातला सुरुवात केली, पावणेदहाला उरलेले चार संपले. साडेअकराला आम्ही तिघे कल्याणला होतो. या खेपेस चारही प्रती थेट छापल्या, झेरॉक्स नाही. छापलेले गठ्ठे बाइंडर इसाकभाईंच्या फळीवर पोहोचले तेव्हा पाऊण वाजला होता.

इसाकभाई पाठीला गोंद लावण्याच्या बेतात असताना बाबा म्हणाले, "थांब रे जरा." त्यांनी एक गठ्ठा ओढला आणि सतरावा तक्ता उघडला. आदल्या दिवशी त्यांनी आकडे वाचले होते. आता ते नावे वाचत होते. एका खाली एक, दोन ओळींत 'बोईट' छापले होते.

"ही बोईट बरोबर. खालची आमी नुसती बोईट नाय म्हनत. ती चपट्या डोक्याची बोईट."

मॅडम म्हणाल्या, "बाबा, शास्त्रीय नावं वेगवेगळी दिली आहेत. चालतं ते."

"त्यांना चालतं. मना ती नावां वाचता येतान का?"

"परीक्षकांना मराठी नाव कळणारही नाही," मी घड्याळाकडे पाहत म्हटले.

बाबांनी आवाज चढवला नाही. "बारा टिंब तीन का बारा टिंब चार, त्याच्यापायी काल मना दिवसभर बसवला. आन नाव चुकला तं चालंल?"

मॅडमनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी दुकानातच लॅपटॉप उघडला, दोन्ही मजल्यांवरचे नाव बदलले, फाइल चालवली, ते एक पान चार वेळा छापून घेतले, गठ्ठ्यांत बदलले आणि पेनड्राइव्हवरची प्रतही नवी केली. इसाकभाईंनी गोंद फिरवला आणि गठ्ठे दाबाखाली ठेवले. "आता दीड तास हात लावायचा नाही," ते म्हणाले, "देव आला तरी."

मग, केवळ सवयीने, मी लॉग पाहिला. एक ओळ होती. सतरावा तक्ता. नवे नाव दहा पॉइंट आणि थोडे जास्त लांब होते. शिल्लक होती आठ. फरक पट्ट्या केसभर आखडून एका मिनिटात मिटला असता. पण पाने गोंदात होती, आणि छापील व डिजिटल प्रत तंतोतंत एक आहे असे प्रतिज्ञापत्र मॅडमनी सही करून दिले होते. मिलिमीटरच्या आठ-दशांशाने आमचा समास मोडला होता.

मी मॅडमना तिथेच सांगितले. त्यांनी विचारले, "डोळ्याला दिसेल?"

"डोळ्याला नाही. पट्टीला दिसेल."

ठाण्याच्या स्वीकृती कार्यालयात पट्टी होती. खिडकीतल्या गायकवाडबाईंची स्टीलची पट्टी आमच्या धंद्यात प्रसिद्ध आहे. त्या प्रबंध कुठेही उघडत नाहीत. तक्त्यांची सूची पाहतात, सर्वांत भरलेले पान काढतात आणि उजव्या कडेला पट्टी लावतात. तीन वाजून पंचवीस मिनिटांनी आम्ही खिडकीपुढे उभ्या राहिलो. बाबा बाकावर बसले. आमच्या आधीच्या मुलाची प्रत बाई परत करत होत्या. "हा तक्ता तू स्वतः वाचून दाखव," त्या त्याला म्हणत होत्या. त्याने पान डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, आणि पिशवीत भरले.

आमचा प्रबंध आत गेला. सूचीवर बोट फिरले आणि सतराव्यावर थांबले. पट्टी लागली.

"चोवीस," बाई म्हणाल्या. "पंचवीस पाहिजे."

मॅडमचा चेहरा उतरला. मी म्हणाले, "चोवीस पूर्णांक दोन. तक्ता शून्य पूर्णांक आठने बाहेर आहे. आम्हाला माहीत आहे."

मॅडमनी माझा दंड चिमटला. "तुला विचारलं का कुणी?" त्या पुटपुटल्या.

बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "माहीत आहे तर बारीक का नाही केला? सगळे करतात."

"आधी केला होता. त्यात निवटी चौऱ्याण्णव सेंटीमीटरची झाली."

बाईंनी पान जवळ ओढले. निवटीची ओळ शोधायला त्यांना कष्ट पडले नाहीत. बोट नावावर, मग आकड्यावर. मग त्या खाली सरकल्या, आणि मला वाटते त्या काही काळ मोजमाप विसरून नुसत्या वाचत होत्या. "चपट्या डोक्याची बोईट," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे मिळते ही. हे नाव कुणी सांगितलं?"

"माझ्या वडिलांनी," मॅडम म्हणाल्या आणि बाकाकडे बोट दाखवले. बाबा डोळे मिटून बसले होते.

नियमाच्या कागदावर 'किमान पंचवीस' असेच होते, आणि बाईंनी तो कागद दोनदा पाहिला. मग आपली जाड नोंदवही काढली आणि सावकाश लिहिले: पृष्ठ एकशे बेचाळीस, उजवा समास एक मिलिमीटर कमी, मजकूर सुवाच्य, स्वीकृत. आम्हा दोघींच्या त्याखाली सह्या घेतल्या. शिक्का मारताना घड्याळात तीन वाजून एक्केचाळीस मिनिटे झाली होती.

"पुढच्या वेळी पंचवीस," त्या मला म्हणाल्या.

"पुढच्या वेळी पंचवीस," मी मान्य केले.

शनिवारी मॅडमनी ठरल्याप्रमाणे मला फैलावर घेतले. चांगली वीस मिनिटे, आणि त्यातले बहुतेक रास्त होते. सप्टेंबरात त्यांची मौखिक परीक्षा झाली आणि त्या डॉक्टर झाल्या. परीक्षकांनी सतरावा तक्ता पडद्यावर लावून त्यावरच अर्धा तास चर्चा केली, असे त्यांनी कळवले. मी आता वारशाची टेम्प्लेट ओळ अन् ओळ वाचल्याशिवाय हातात घेत नाही. एक नवे टेम्प्लेट लिहीत आहे, जे अंक ठरावीक उंचीखाली गेला की बारीक न करता ओरडेल. विद्यापीठांनी ते अधिकृत करावे अशी माझी इच्छा आहे आणि ते होईपर्यंत मी पाठ सोडणार नाही. पहिले सत्त्याहत्तर प्रबंध मी न वाचता बसवले याची रुखरुख मात्र आहे. त्यांतल्या किती पानांवर टिंबे उडाली असतील, हे आता मोजता येत नाही.

त्या शुक्रवारी ठाण्याच्या कार्यालयाबाहेर बाबा उसाचा रस घेत होते आणि मॅडम फोनवर भावाला तीच बातमी तिसऱ्यांदा सांगत होत्या. मी कट्ट्यावर बसून वही उघडली. दुसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्येच होती. त्यांच्याखाली मी लिहिले: तांडेल, प्राणिशास्त्र, तक्ता १७, २.३ पॉइंट जास्त.